यान लाखोरीच्या बांधीत कसं गेलं?

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला असलेले चौघं. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गाळ कुठे किती साचलाय याचा नकाशा करायचा म्हणून पाण्याखाली चालणारं एक छोटं यान बनवलं. यानावर आवाज काढणारा पिंगर आहे. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या कडेने, दगडांना बांधून, तीन हायड्रोफोन (पाण्यातला आवाज ऐकणारे माइक) पाण्यात सोडलेत. सगळ्यांच्या वायरी पाळीवरच्या लॅपटॉपला येतात. आवाज पोचायला लागलेल्या वेळेला १५०० ने गुणून अंतर काढतो. डिसेंबरात चार दिवस चाचण्या घेतल्या आणि तीन घोळ झाले. यान एका जागी उभं असलं तरी नकाशावरचा ठिपका मधूनच चार-पाच मीटर उडी मारतो. यान शंभर-दीडशे मीटर दूर गेलं की खऱ्या जागेपेक्षा दीड-दोन मीटर पुढे दिसतं. आणि एकदा पाळीजवळ वळवताना ते पाळीपलीकडच्या लाखोरीच्या बांधीत, म्हणजे लाखेच्या डाळीच्या शेतात दिसलं. बघायला जमलेलं अख्खं गाव हसलं. ज्यांच्याकडून सामान घेतलं ते म्हणतात, डॉप्लर लॉग (यानाचा वेग मोजणारं यंत्र) घ्या, सगळं नीट होईल. किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. कर्ज काढून घ्यावं का?
— चार मित्र, साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : नका घेऊ. निदान इतक्यात तर नकोच. तुमचे तिन्ही घोळ तीन वेगळ्या कारणांचे आहेत आणि त्यांतला एकही त्या यंत्राने मुळातून जाणार नाही. गावाच्या हसण्याचंही मनावर घेऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती त्या लाखोरीच्या बांधीचीच आहे.

मीही मामा तलावाच्या काठचाच. लहानपणी आमचा एक खेळ होता. एकाने बुडी मारून दोन गोटे एकमेकांवर आपटायचे, दुसऱ्याने लांब कुठेतरी डोकं बुडवून ऐकायचं. टक्‌ असा आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा यायचा, पण कोणत्या बाजूने आला ते काही केल्या सांगता यायचं नाही. कारण कळायला मला बोटीवरची नोकरी लागावी लागली. हवेत आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, पाण्यात त्याच्या चौपटीहून जास्त. मग एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर पोचण्यातला फरक इतका बारीक होतो की डोक्याला त्याचा पत्ता लागत नाही. जीपीएसचे रेडिओतरंग पाण्यात शिरल्या शिरल्या संपतात, म्हणून खाली आवाजाशिवाय गत्यंतर नाही. आणि आवाज एवढा पळतो म्हणून वेळ एका मिलिसेकंदाने चुकली की जागा दीड मीटरने चुकते. हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागणार आहे.

आता उडी. चार-पाच मीटर म्हणजे तीन मिलिसेकंद उशीर. यान तर हललेलं नाही. मग हा उशीर आणला कोणी? मला एक सांगा, तुमचे हायड्रोफोन पाळीच्या दगडी पिचिंगपासून, म्हणजे तिच्या उतारावर रचलेल्या दगडांपासून किती दूर लोंबतात? माझा अंदाज, दोन-सव्वादोन मीटर. आवाज हायड्रोफोनला ओलांडून दगडावर जातो, आपटून परत येतो. जाताना सव्वादोन, येताना सव्वादोन, झाले साडेचार मीटर. तुम्ही यानाचा आवाज ऐकतच नाही त्या वेळी, दगडाचा ऐकता.

पण मग आधी आलेला खरा आवाज कुठे गेला? तो पाण्याच्या पृष्ठभागाने खाल्ला. थेट येणारा आवाज आणि वर पृष्ठभागाला लागून खाली येणारा आवाज यांच्या वाटांत तुमच्यासारख्या उथळ तलावात जेमतेम काही सेंटिमीटरचा फरक असतो. पृष्ठभागावरून परततो तो उलटा होऊन परततो, म्हणजे जिथे याचा चढ तिथे त्याचा उतार. दोघं जवळजवळ एकाच वेळी आले की एकमेकांना पुसून टाकतात. थेट आवाज क्षीण झाला, मागून आलेला दगडाचा दणकट निघाला, आणि तुमच्या प्रोग्रॅमने दणकट तो खरा मानला. यान वीतभर वर-खाली झालं की हा खेळ बदलतो, म्हणून उडी कधी दिसते, कधी नाही.

उपाय स्वस्त आहे. हायड्रोफोन पाळीपासून निदान दहा मीटर आत न्या. दगडाचा पडसाद मग वीस मीटर उशिराने येईल आणि वेगळा ओळखू येईल. पाण्यात जाळ्यासाठी ठोकतात तसे बांबू ठोका. बोया बांधू नका, तो वाऱ्याने दोरीच्या लांबीएवढा फिरतो. मात्र हायड्रोफोन थेट बांबूला बांधायचा नाही. बांबू पोकळ असतो, आत हवा. आणि पाण्यातल्या आवाजाला हवा म्हणजे भिंतच. बांबूला मीटरभर लांब लोखंडी सळई आडवी बांधून तिच्या टोकाला, तीन मीटर पाणी असेल तर दीड मीटरवर, तो सोडा. पृष्ठभागाच्या जवळ तर अजिबात नको.

पिंगरचा आवाजही बदलता आला तर बघा. एकाच सुराचा एक मिलिसेकंदाचा टोला पाण्यात दीड मीटर लांब पसरलेला असतो. त्याच्या पोटात दोन पडसाद सहज लपतात. त्याऐवजी सूर खालून वर चढत जाणारी शीळ घाला आणि आलेल्या आवाजात तीच शीळ कुठे अचूक जुळते ते लॅपटॉपला शोधू द्या. दहा किलोहर्ट्‌झ एवढा सूर चढवला तर वेळ सुमारे दशांश एक मिलिसेकंदापर्यंत वेगळी ओळखता येते, म्हणजे पंधरा सेंटिमीटर. वटवाघूळ किडा धरताना असंच करतं, फक्त त्याचा सूर बहुतेकदा वरून खाली उतरतो. आणि प्रोग्रॅमला एक साधी अक्कल शिकवा : दणकट आवाज नको, पहिला आवाज हवा. शिवाय तुमचं यान सेकंदाला अर्धा मीटर जात असेल तर एका सेकंदात चार मीटरची उडी ते मारूच शकत नाही, असं वाचन आलं की टाकून द्यायचं. याच्या पुढची पायरी म्हणजे यानाच्या चालीचा अंदाज आणि आलेलं वाचन यांची सांगड घालणारा कालमन फिल्टर. पण तो घालायची घाई नको. घाणेरड्या वाचनांवर फिल्टर घातला की चूक गुळगुळीत होते आणि खरी वाटायला लागते, हे जास्त वाईट.

दुसरा घोळ दिसायला किरकोळ आहे, पण मी त्यालाच जास्त भितो. उडी मारणारी चूक निदान ओरडते तरी.

काकीनाड्यापुढच्या खोल पाण्यात आम्ही एकदा समुद्रतळावर ठेवलेलं एक यंत्र परत आणायला गेलो होतो. खोली नऊशे मीटर. जागा कागदावर पक्की, कारण ठेवताना आम्हीच नोंदवलेली. जहाजाच्या पोटाखाली खांबाला लावलेलं आवाज ऐकणारं डोकं होतं आणि वायरीवर खाली सोडलेलं यान कुठे आहे ते तेच सांगायचं. यान नेमक्या जागी नेलं, दिवा लावला, खाली चिखल. दिव्याचा उजेड पाच-सहा मीटर. तीन दिवस शोधलं. चौथ्या दिवशी आमच्या कॅप्टनने यान तळावर बसवायला सांगितलं आणि वर जहाज जागच्या जागी गोल फिरवलं. यान चिखलात गप्प बसलेलं, आणि पडद्यावर त्याचा ठिपका गोल फिरतोय! म्हणजे चूक खाली नव्हतीच, वर होती. खांब उतरवून ग्रीस लावून परत बसवला होता तो मी. वीस सेंटिमीटरच्या फ्लँजच्या (खांब जोडायच्या चकतीच्या) एका बाजूला साडेतीन मिलिमीटरचा एक वॉशर जास्तीचा राहिला होता. तेवढ्याने खांब एक अंश कलला आणि एका अंशाने नऊशे मीटरवर सोळा मीटर. तिन्ही दिवस वाचन एकदम स्थिर होतं, एकही उडी नाही, म्हणून कोणाला शंका आली नाही. यंत्र ठिपक्यापासून सोळा मीटरवर मिळालं. कॅप्टन काही बोलले नाहीत, फक्त तो वॉशर त्यांनी माझ्या जेवणाच्या ताटात आणून ठेवला.

तुमचा वॉशर म्हणजे तो १५०० चा आकडा. तो समुद्राचा आहे, आणि तोही ढोबळ. गोड्या पाण्यात २० अंशांना आवाज सेकंदाला १४८२ मीटर जातो, ३० अंशांना १५०९. डिसेंबरात सकाळी तुमचं पाणी वीसच्या आसपास असणार. म्हणजे तुम्ही प्रत्येक अंतर सव्वा टक्क्याने जास्त मोजताय. शंभर मीटरवर सव्वा मीटर.

पण माझ्या आकड्यावरही विसंबू नका, तुमच्या पाण्याचा तुम्ही काढा. सर्वेक्षणाची फायबरची टेप घ्या. नायलॉनची दोरी नको, ओली झाली की ताणते. दोन बांबूंमध्ये टेप ताणून पिंगर हायड्रोफोनपासून बरोबर दहा मीटरवर धरा, पन्नास वाचनं घ्या, मधलं वाचन लिहा. मग बरोबर पन्नास मीटरवर तेच करा. समजा, दहा मीटरला ७.१५ मिलिसेकंद आले आणि पन्नासला ३४.१४. मधल्या चाळीस मीटरला २६.९९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १४८२ मीटर. हा झाला तुमच्या पाण्याचा वेग. आता गंमत बघा. या वेगाने दहा मीटरला ६.७५ मिलिसेकंद लागायला हवे होते, लागले ७.१५. वरचे ०.४० कुठले? ते पाण्याचे नाहीतच, तुमच्या सर्किटचे आहेत. पिंगरला हुकूम मिळणं आणि आवाज खरोखर निघणं यांतला उशीर. त्याने प्रत्येक अंतरात साठ सेंटिमीटर फुकट वाढतात, यान जवळ असो की दूर. सव्वा मीटर आणि साठ सेंटिमीटर, झाले तुमचे दीड-दोन मीटर. एकाच अंतरावर मोजलं असतं तर हे दोन चोर वेगळे सापडले नसते.

१८२६ मध्ये कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या तलावात असंच मोजलं. एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीची दारू पेटवायची. तेरा किलोमीटरहून दूर दुसऱ्या होडीत बसलेला उजेड दिसला की घड्याळ सुरू करायचा आणि पाण्यात सोडलेल्या कर्ण्यातून घंटा ऐकली की थांबवायचा. आठ अंशांच्या पाण्यात त्यांना सेकंदाला १४३५ मीटर मिळाले. आजच्या आकड्यात आणि त्यांच्यात चार-पाच मीटरचाच फरक आहे. तुमच्याकडे तर लॅपटॉप आहे.

पाण्याचं तापमान रोज बदलतं, म्हणून रोज सकाळी दोरीला थर्मामीटर बांधून वर, मध्ये आणि तळाशी बघा. वीस अंशांच्या आसपास एका अंशाने वेग सेकंदाला तीन मीटरने बदलतो. हिवाळ्यात सकाळी तिन्ही वाचनं सारखीच येतील. वैशाखात मात्र मासे धरणाऱ्या कोणत्याही ढिवरबाबाला विचारा, तो सांगेल, "पानी वरून गरम रायते अन्‌ पायाले थंड लागते." तीन मीटरच्या पाण्यात वर-खाली पाच अंशांचा फरक पडला, की आवाज सरळ जात नाही, थंड पाण्याकडे म्हणजे खाली वाकतो. मीटरभर खोलीवरून आडवा सुटलेला आवाज पस्तीसेक मीटरवर तळाच्या चिखलाला टेकतो. पुढे जे ऐकू येतं ते आपटत आपटत आलेलं. म्हणून तुमचं मोजमाप आता, पौष-माघात, आणि सकाळीच उरका. दुपारी उन्हात पाणवनस्पतींवर बारीक बुडबुडे धरतात, तेही आवाज गिळतात.

आता लाखोरी. तुमची पाळ सरळ आहे, आणि तिन्ही हायड्रोफोन तिच्या कडेने एका ओळीत. अशा ओळीपासूनची फक्त अंतरं माहीत असतील तर यान ओळीच्या या बाजूला आहे की त्या, हे जगातलं कोणतंही गणित सांगू शकत नाही. उत्तरं दोन, आरशातल्यासारखी. एक तलावात आणि एक पाळीपलीकडे बांधीत. यान तलावात मध्यावर असतं तेव्हा दोन उत्तरं लांब लांब असतात आणि प्रोग्रॅम मागच्या ठिपक्याजवळचं उचलतो. यान पाळीजवळ आलं की दोन्ही उत्तरं जवळ येतात, त्यात एखादी दगडाची उडी पडली, की तो गडबडतो आणि पलीकडे उतरतो. प्रोग्रॅम चुकला नाही, तुम्ही त्याला पर्यायच तसे दिले. जिथे वायर ओढायला सोयीचं तिथे कान टांगले, सगळेच टांगतात. मधला हायड्रोफोन साठ-सत्तर मीटर तलावात न्या आणि मोठा त्रिकोण करा. वायर डोंग्यातून (छोट्या होडीतून) टाका. त्रिकोणाच्या आत यान सगळ्यात नीट सापडेल, बाहेर जसजसं दूर जाईल तसतसं बिघडत जाईल.

तिन्ही बांबूंच्या जागा मोबाइलच्या जीपीएसने घेऊ नका. ते मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडंतिकडं करतं, आणि कान कुठे आहेत हेच पाच मीटरने चुकलं तर पुढे मिलिसेकंद मोजून काय फायदा? कॉलेजचं टोटल स्टेशन (सर्वेक्षणाची दुर्बीण) मागून आणा. खोली आवाजावरून काढायचीच नाही. तुमचे कान साधारण एकाच पातळीत आहेत, त्यांना वर-खालचं कळत नाही. दाबाचा सेन्सर लावा, रोज पाण्याच्या वर असताना त्याचं शून्य घ्या.

डॉप्लर लॉगबद्दल एवढंच : तळावर आवाज मारून परत आलेल्या आवाजाच्या बदललेल्या सुरावरून तो यानाचा वेग सांगतो. किती चाललो ते त्याला कळतं, कुठे आहे ते नाही. अर्ध्या टक्क्याची चूक धरली तरी किलोमीटरभर फिरून आल्यावर पाच मीटर. खोल समुद्रात जहाजापासून दूर जाणाऱ्या यानाला तो हवाच, तिथे तो आणि आवाजाचे बीकन एकमेकांना सांभाळतात. तुमच्या अडीचशे मीटरच्या तलावात नाही. विक्रेत्याला दोष देत नाही, त्याला विकायचं आहे.

आणि किती अचूक हवंय हे ठरवलंत का? १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, त्याच्या कितीतरी आधी हे तलाव खोदलेले. मधला भाग सपाट असतो, तिथे मीटरभर इकडंतिकडं झालं तरी गाळाचा आकडा हलत नाही. पण नाला जिथे तलावात शिरतो तिथे तळ चार पावलांत बदलतो, तिथे अर्धा मीटर हवा. तेवढं तुम्हाला बांबू, टेप आणि थर्मामीटरने मिळेल. यान गाळाचा वरचा थर दाखवेल. खालची कडक जमीन मात्र टोकदार बांबू खुपसूनच लागते, ते काम तुमच्या यानाने होणार नाही. ज्यांचा डोंगा असेल त्यांनाच सोबत घ्या. बांबू हाताला कुठे थांबला ते त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळतं.

प्रश्न : विमान समुद्रात पडलं की त्याचा ब्लॅक बॉक्स आवाज करतो असं ऐकलं. मग तो लगेच का सापडत नाही?
— इयत्ता नववीतली वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : बेटा, तो पाणी लागल्यावर आपोआप सुरू होतो आणि सेकंदाला साधारण एकदा ३७.५ किलोहर्ट्‌झचा टोला देतो. आपल्या कानाला वीस किलोहर्ट्‌झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यासाठी यंत्र लागतं. एवढ्या उंच सुराचा आवाज पाण्यात लवकर विरतो, दोनेक किलोमीटरपलीकडे धरणं अवघड. समुद्रच चार किलोमीटर खोल असेल तर वर जहाजावर बसून काही ऐकू यायचं नाही, ऐकायचं यंत्र दोरीने खोल सोडून ओढत न्यावं लागतं. शिवाय जुन्या बॉक्सची बॅटरी तीसेक दिवसांचीच असायची, नवे नव्वद दिवस टिकतात. वर साकोलीच्या मुलांचं यान आवाज कधी काढतं ते लॅपटॉपला माहीत असतं, म्हणून अंतर निघतं. बॉक्सने टोला कधी दिला हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून वेगवेगळ्या वाटांनी जाऊन कुठे मोठा ऐकू येतो, कुठे बारीक, यावरून घेराव आवळत न्यायचा.

प्रश्न : लोणारच्या खाऱ्या पाण्यात असं यान सोडलं तर कोणता आकडा धरायचा?
— शिक्षक, मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : मीठ वाढलं की आवाजाचा वेग वाढतो. समुद्राच्या पाण्यात किलोला एक ग्रॅम क्षार वाढला तर सेकंदाला एक-सव्वा मीटर. पण सरोवरातले क्षार समुद्रासारखे नाहीत, सोड्याचे आहेत, त्यामुळे समुद्राचं सूत्र तिथे जसंच्या तसं लावू नका. वर सांगितलेलं दहा आणि पन्नास मीटरचं मोजमापच करा. मात्र लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीतही आहे. पाण्यात काहीही सोडायच्या आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.